कंडक्टरकाकांची हाक

काल डेअरीवर एक तरुण ‘श्रीखंड’ म्हणताना अडला. मागची रांग चुळबुळत होती, पण गल्ल्यावरच्या बाईंनी त्याचा शब्द पुरा केला नाही. त्याच्याकडे पाहत त्या शांत थांबल्या. मला एकदम माझं कॉलेज आठवलं.

वाचा-उपचाराच्या पदवीला प्रवेश घेतला तेव्हा बाबा म्हणाले होते, “बोलायला काय शिकवायचं असतं? आणि नोकरी कोण देणार?” मनातून मलाही तीच काळजी होती.

मग कॉलेजच्या दवाखान्यात कंडक्टरकाका आले. सगळा जन्म बसमध्ये उभ्यानं गेलेला, आणि आता अर्धांगवायूनं वाचा गेलेली. मी चित्रं दाखवायचे, ते घामाघूम व्हायचे, शब्द काही येत नसे. शेजारी काकू पदराचं टोक पिळत बसायच्या.

एकदा दारात आम्हा मुलींची गर्दी झाली आणि काका खणखणीत ओरडले, “पुढे चला, पुढे चला!” सगळ्या हसलो. सवयीचे शब्द असे आपसूक निघतात हे पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी कानांनी ऐकलं.

पुढे मला इस्पितळात नोकरी लागली, बाबांची काळजी मिटली. पण माझी काळजी त्याआधीच मिटली होती. परीक्षेच्या सुमारास एका सकाळी काका काकूंकडे बघून सावकाश म्हणाले, “सु... मन.”

मी टाळ्या वाजवल्या. काकू मात्र लाजून चूर झाल्या.

“जन्मभर नुसतं ‘अगं’ म्हणाले,” त्या पुटपुटल्या. “नावानं हाक आज पहिल्यांदाच मारली.”