दोनमिनिटवाल्या काकांची देणगी-फेरी

वृद्धाश्रमासाठी दारोदार देणग्या मागणाऱ्या काकांना सगळे ‘दोनमिनिटवाले’ म्हणत. ‘दोनच मिनिटं’ म्हणत सोफ्यावर टेकले, की स्वतःच्या मूळव्याधीपासून व्याह्यांच्या भांडणापर्यंत पोचायला त्यांना तास लागे. शेवटी यजमान कंटाळून पाकीट काढायचे. काकांना मात्र वाटे, आपल्या जिभेवर साक्षात सरस्वती आहे!

मग आश्रमाचे नवे सचिव आले. त्यांनी काकांना घरी बसवलं आणि मोबाईलवर गोड गोड संदेश धाडले. लोक ते वाचत आणि पुसून टाकत. वर्षभरात देणग्या निम्म्यावर आल्या, आश्रमातली एकुलती एक नर्स काढायची वेळ आली. सचिव निमूट काकांच्या दारी गेले.

“काका, पुन्हा फिराल का?”

“बघा! माणसाची सर यंत्राला येते का कुठं?”

काका निघाले. फाटकाशी दिसताच लोक वरूनच ओरडू लागले, “काका, पाठवले हो पैसे! जिना चढू नका, गुडघे सांभाळा!” आठवड्यात नर्सचा वर्षाचा पगार जमला.

काका मात्र तोंड पाडून घरी आले. “अगं, कुणी ‘बसा’ म्हणतच नाही.”

“नर्स राहिली ना? मग झालं तर,” म्हणत काकूंनी मिक्सर सुरू केला.