कोपऱ्यावरची फाल्कन

डिअरबर्नच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ब्याऐंशी वर्षांच्या वेंडेलला थापा खपत नसत. शंका आली की पुठ्ठा अंथरून तो सरळ गाडीखाली शिरे. त्या शनिवारी तो रँडीच्या झोकदार मस्टँग गाडीखाली शिरला, तसा रँडी भडकला.

"मस्टँगचा सांगाडा कोरा करकरीत होता! त्याच कंपनीच्या स्वस्तातल्या फाल्कनचा नव्हे. बाबा कारखान्यात होते, त्यांनीच सांगितलंय!"

वेंडेल काळे हात पुसत बाहेर आला. "फाल्कनवरूनच घेतलाय. तुझा बाप आणि मी शेजारी उभे राहून जोडायचो."

रँडीने त्याची कॉलर धरली. 

"म्हणजे बाबा खोटं बोलले?"

"बोलला असेल. त्याची स्वतःची फाल्कनच होती. शाळेच्या फाटकाशी ती दिसलेली तुला चालायची नाही, म्हणून आधीच्या कोपऱ्यावर उतरवायचा तुला बिचारा."