हौदातलं खिल्लार

गावच्या सांडपाणी केंद्रावर ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा मला वाटायचं, घाण पाणी कसल्याशा औषधानं साफ होत असेल. तसं काही नव्हतं. जाळीत पिशव्या-चिंध्या अडकतात, वाळू तळाला बसते आणि उरलेली घाण मोठ्या हौदात जंतू खातात. ब्लोअर त्यांना खालून हवा देतो. पोट भरलेले जंतू पुढच्या टाकीत गाळ होऊन बसतात, वरचं निवळलेलं पाणी बाहेर पडतं. डोळ्यांना न दिसणारं हे खिल्लार सांभाळायचं, एवढीच आमची नोकरी. मी रोज काचेच्या भांड्यात तपकिरी पाणी घेऊन गाळ बसताना अर्धा अर्धा तास बघायचो. घरचे हसायचे.

केंद्राच्या खालच्या अंगाला एका मावशीचं रान होतं. आमच्या पाण्यावर तिनं म्हशींसाठी मका आणि घास लावला होता. त्याच भरवशावर नवरा-बायको यंदा ऊसतोडीला गेली नव्हती.

एकदा साहेब पाहणीला येणार होते आणि हौदाला जरा वास येत होता. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी फिनेल. मीही होते नव्हते तेवढे कॅन हौदात रिकामे केले. साहेब खूश होऊन गेले. दोन दिवसांत हौद काळा पडला, गाळ बसेना, बाहेर नासकं पाणी जाऊ लागलं. सगळं खिल्लार मी स्वतःच्या हातानं मारलं होतं. मावशीला मात्र सांगितलं, ब्लोअर बिघडलाय.

जुन्या ऑपरेटरला फोन केला. ताजं शेण पाण्यात कालवून टाक, त्यातून नवे जंतू येतील, हवा बंद करू नको, असं तो म्हणाला. शेण मागायला मावशीकडेच जावं लागलं. तिच्या ओट्यावर ऊसतोडीचा मुकादम बसला होता. पंधरा दिवसांत पाणी सुधारलं नाही तर निघायचं, असं तिनं त्याला कबूल केलं होतं. तरी रोज सकाळी ती शेणाची पाटी घेऊन यायची आणि हे जंतू किती दिवस जगतात, झोपतात का, असलं काहीबाही विचारायची. मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं यायची नाहीत.

बाराव्या दिवशी पाणी निवळलं. मुकादमाला तिनं नाही म्हणून कळवलं. मग मला राहवेना. फिनेल मीच ओतलं, हे तिला सांगून टाकलं.

"मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं," ती म्हणाली. "पाण्याला फिनेलचा वास येत व्हता."

मग तेव्हाच का बोलल्या नाहीत, असं मी विचारलं.

"भांडले असते तर तुमी माझ्याकडं शेण मागाया आला असता का?"