हात उचलायची परवानगी

शाळेतल्या त्या खोलीत मी जे बोललो, ते सभ्यपणा म्हणून बोललो होतो.

मुलगी सहावीत, अरबीत नापास. इथे आखातात हा विषय सक्तीचा. अरबीच्या बाई फुजैराच्याच, काळा पायघोळ अबाया घातलेल्या, हिंदी सफाईने बोलणाऱ्या. मी म्हणालो, "मॅडम, ऐकत नसेल तर दोन लावून द्या. मी विचारायला येणार नाही."

आमच्या तालुक्याच्या गावात मुलाचं नाव घालताना प्रत्येक बाप मास्तरांना हेच सांगायचा. माझ्या वडिलांनी, अण्णांनीही सांगितलं होतं, चपला वर्गाबाहेर काढून, हात जोडून. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. मी मार खाल्ला, घरातला पहिला पदवीधर झालो, आज इथल्या तेलाच्या टर्मिनलवर नोकरी करतो. त्या माराचे मी आजवर आभारच मानत आलो होतो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"भाईसाब, मला कुराण शिकवणाऱ्या मुतव्वांकडे सोडताना माझे वडील हेच म्हणाले होते. मी सहा वर्षांची होते. मुतव्वांनी किती मारलं ते विसरले. वडिलांचं बोलणं नाही विसरले."

"पण तुम्ही शिकलातच ना?"

"शिकले. माझी आई अजून टोमणा मारते, तुम्ही आजकालचे आईबाप मुलांना घाबरता. मी म्हणते, हो, थोडं घाबरावंच." मग त्या म्हणाल्या, "आता मारण्याविरुद्ध कायदाही आहे. पण आधी हिच्याशी बोला."

मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. "यू टोल्ड हर टू हिट मी?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. रोज संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर वही आणून माझ्यासमोर ठेवते. त्या दिवशी वही दप्तरातच राहिली. दुसऱ्या दिवशीही.

मला बाईंचा राग आला होता. माझ्या मुलीचं मला शिकवणाऱ्या या कोण? त्याच रागात मी आठवू लागलो, कुठल्या छडीने मला काय शिकवलं. अपूर्णांक मला ज्यांच्यामुळे कळले, ते मास्तर भाकरीचे तुकडे करून दाखवायचे. त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांचं श्रेय मी इतकी वर्षं छडीला देत होतो.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीच्या दारात बसलो. म्हणालो, "मी चुकलो. तुला कुणी मारायचं नाही. बाईंनी नाही, मी नाही."

तिने पुस्तकातून डोकं वर केलं. "अँड आजोबा?"

गेल्या सुट्टीत अण्णांनी तिला पाहुण्यांसमोर मुस्काटात मारली होती. मी तिथेच उभा होतो. तेव्हा मी काही बोललो नव्हतो.

रविवारी अण्णांचा फोन आला. "नापास झाली म्हणे. सुट्टीत पाठव इकडे. महिन्याभरात सरळ करतो."

"अण्णा, तिला हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

"तू कशाने शिकलास रे?"

"तुमच्यामुळेच शिकलो. तुम्ही माझ्या फीसाठी सायकल विकलीत आणि चार वर्षं कामावर पायी गेलात, म्हणून शिकलो. मारलंत म्हणून नाही."

"त्या अरबांनी तुला शेळपट केलं."

"अरबांच्यातही जुनी माणसं असंच म्हणतात, अण्णा. हात लावणार नाही एवढं म्हणा. लगेच तिकिटं काढतो."

"फोन तिच्याकडे दे."

"आधी म्हणा."

अण्णांनी फोन ठेवला.

वळून पाहिलं तर मुलगी टेबलाशी उभी होती. सगळं ऐकलं असणार. अरबीची वही तिने माझ्या बाजूला सरकवली. "यल्ला, चल पपा, टेस्ट मी."

मला अरबीचं एक अक्षर वाचता येत नाही. तिने वाचलं, मी ऐकलं. तिकिटं मी अजून काढलेली नाहीत.