रेघेच्या अलीकडे

कार्तिकातल्या दुपारी डोंगरमाथ्यावर खुर्ची टाकून दक्षिणेला निघालेले शिकारी पक्षी मोजायचे, म्हणजे निम्मं लक्ष आभाळाकडे आणि निम्मं डुलकीकडे. मुकुंद धारपांचे डोळे मिटतात. शेजारची रिकामी खुर्ची करकरते.

आप्पा लोंढे. श्रावणात वारलेले. धारपांनी स्वतः खांदा दिलाय, त्यामुळे ओळखण्यात चूक नाही.

"काय दिसतंय?"

"भोवत्या आहे एक. घिरट्या घालतोय."

"मोजला नाहीस ना?"

"तुमच्याच हाताखाली शिकलोय, आप्पा."

समोरचं देऊळ ते मोबाइल टॉवर अशी मनातल्या मनात रेघ मारायची. ती ओलांडून पलीकडे गेला, की पक्षी एक. अलीकडे दिवसभर फिरेना का, शून्य. नाहीतर एकच पक्षी दहादा मोजून लोक नाव कमावतात.

आप्पा आता पक्ष्याकडे बघत नाहीत. धारपांच्या छातीकडे बघतात. तिथे गेल्या महिन्यात दोन स्टेंट बसलेत. ही बातमी यांना कोणी पोचवली?

"तुम्ही इकडे कसे?"

"मोजणीला."

"कशाच्या?"

खुर्च्या आता हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आहेत आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही. फरशीवर एक पिवळी रेघ. धारप हळूच पाय आत ओढून घेतात.

"दुर्बीण दे जरा."

मेलेल्या माणसाने स्वप्नात दिलं तर घ्यावं, मागितलं तर देऊ नये, असं मावशी सांगायची. एम.एस्सी. झाल्यावर धारप तिला हसत असत. स्टेंटनंतर मावशीचं बरंच पटायला लागलंय.

"पट्टा अडकलाय," ते म्हणतात.

"माझीच दुर्बीण आहे ती."

"होती. तेराव्याला काकूंनी मला दिली."

"चिकट आहेस," आप्पा म्हणतात आणि धारपांच्या गळ्याशी वाकतात. त्यांच्या अंगाला नेहमीचा तपकिरीचा वास. "बरं, घाल घिरट्या. मला घाई नाही."

माथा. वारा. शेजारची खुर्ची रिकामी. दुर्बीण गळ्यातच आहे. धारप सुस्कारा सोडून ती डोळ्यांना लावतात.

उजव्या डोळ्याला सगळं धूसर.

सकाळी त्यांनी ती स्वतःच्या नंबरावर लावली होती. आता उजव्या भिंगाची कडी टोकापर्यंत फिरलेली. तिथवर ती आप्पांनाच लागायची. त्यांच्या उजव्या डोळ्याचा नंबर जबर होता.

धारप कडी परत फिरवतात. भोवत्या अजून अलीकडेच आहे. ते देवळाकडे बघतात, टॉवरकडे बघतात, आणि आपली खुर्ची दोन हात मागे ओढतात.