तोफेच्या पोटातले खडे

बेकरीत तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठ वळली की तोफ. भट्टीच्या घरघरीवर मात करून तिचा आवाज थेट रस्त्यापलीकडे जायचा. एखाद्या कारागिराचा पाव करपला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण त्याच्याच घरी कुणी आजारी पडलं तर पहिला डबा मावशीच्या घरून पोचायचा.

अशा बाईला एका दुपारी उजव्या बरगडीखाली कळ आली. पाठीतून खांद्यापर्यंत ती अशी सरकली, की तोफ घामाघूम होऊन पिठाच्या पोत्यावर बसली. ही काही पहिली वेळ नव्हती. तेलकट, तुपकट खाल्लं की असं व्हायचं.

“पित्त झालंय. सोडा पिते, होईल बरं.”

तिचा नवरा मितभाषी. दिवसभर मैदा मळायचा आणि हूं म्हणायचा. त्या दिवशी मात्र त्याने हात धुतले. “सोडा पिऊन पिऊन तुझीच बाटली झालीय. चल मुकाट्याने.”

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. पित्ताशय काढावं लागेल म्हटल्यावर मावशीला वडील आठवले. ती शाळेत असताना त्यांचं हेच ऑपरेशन झालं होतं. बरगडीखाली वीतभर तिरका व्रण, किती दिवस अंथरुणावर. खोकला आला की ते पोटाशी उशी आवळून धरत आणि डोळे मिटून घेत.

“मी नाही पोट फाडून घेणार,” ती म्हणाली.

सर्जन बाई ठेंगणी आणि इतकी हळू बोलणारी, की ऐकण्यासाठी मावशीलाच गप्प राहावं लागलं.

“फाडायचं नाही, मावशी. चार छोटी भोकं. पोटात गॅस भरून जरा जागा करायची, बेंबीपाशी दुर्बीण घालायची आणि बाकीच्या भोकांतून बारीक हत्यारं. आतलं सगळं पडद्यावर दिसतं. पित्ताशयाची नळी चिमट्याने बंद करायची, ते सोडवायचं आणि बाहेर काढायचं.”

“आणि ते नसलं तर पित्त कुठं जाणार?”

“पित्त लिव्हर करतं. पित्ताशय नुसतं साठवतं. आता ते थेट आतड्यात उतरेल. एक मात्र आधीच सांगते. आत नीट दिसलं नाही, तर तुमच्या भल्यासाठी मोठा छेद घ्यावा लागतो. क्वचित होतं, पण होतं.”

त्या शेवटच्या वाक्यानेच मावशीचा विश्वास बसला. सगळं गोडगोड सांगणाऱ्यांवर तिचा कधीच भरवसा नव्हता.

ऑपरेशनच्या सकाळी पोटात पाण्याचा थेंब नाही. थंडगार खोलीत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “चांगला पाव कसा ओळखायचा हो?” मावशी उत्साहाने सांगू लागली, “आधी त्याचा वास...”

“झालं, मावशी,” कुणीतरी म्हणालं.

“काय झालं? सुरू तरी करा!”

नवरा शेजारी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं, की खरंच झालं होतं.

पोटापेक्षा खांदाच जास्त ठणकत होता. “चुकून खांदा तर नाही ना कापला?” तिने नर्सला विचारलं. नर्स हसली. “गॅसमुळे दुखतो. एकदोन दिवसांत जाईल. उठा, चार पावलं चाला.” नवऱ्याच्या दंडाला धरून ती दारापर्यंत जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी सर्जन बाईने बाटलीतले खडे दाखवले. हिरवट, काळपट, मिरीएवढे. मग मावशीच्याच हट्टाखातर ऑपरेशनचं रेकॉर्डिंग लावलं. नवरा पाठ फिरवून खिडकीशी गेला.

पडद्यावर उजेड पडला. ओली, चकचकीत, तांबूस गुहाच. लिव्हर शांत पसरलेलं, गुळगुळीत. त्याखाली निळसर पिशवी. दोन बारीक चिमटे पुढे आले. एकाने पिशवी अलगद उचलली, दुसरा पापुद्र्यामागून पापुद्रा सोडवत राहिला. घाई नाही, ओढाताण नाही. मागे कुठंतरी एक ठोका सगळ्यालाच हलकेच हलवत होता.

“हे काय हलतंय?” मावशीने कुजबुजत विचारलं.

“तुमचं हृदय. वरच्या बाजूला आहे, त्याचा हादरा इथवर येतो.”

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण भट्टीशी आरडाओरडा करत उभे, आणि आत हे असं गुपचूप चाललेलं, जन्मापासून, कुणी न सांगता. “पुन्हा लावता का?” ती म्हणाली. दुसऱ्यांदा बघताना तिने नवऱ्यालाही दंडाला धरून वळवलं. त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि शेवटपर्यंत बघितलं.

त्याच संध्याकाळी ती घरी आली. सुरुवातीला हलकं खाणं, काही आठवडे जड उचलायला बंदी. एकदोनदा पोट बिघडलं, तेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच या, असंही बजावलं होतं. तशी वेळ आली नाही. पोती कारागीर उचलत आणि ती स्टुलावर बसून हुकूम सोडी.

एकदा सर्जन बाई पाव घ्यायला आली. मावशीने स्वतः कागदात गुंडाळून दिला, आणि तो घेणाऱ्या त्या लहानशा हातांकडे बघतच राहिली.

“काय झालं, मावशी?”

“काही नाही,” ती म्हणाली. “गरम आहे, जपून धरा.”