मालधक्क्यामागची विहीर

ज्या वर्षी आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येऊ लागलं, त्याच वर्षी आमच्या ऑफिसला रेल्वेची रिकामी जागा मोजायचं काम मिळालं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मी नुकतीच एका खासगी सर्व्हेयरकडं नोकरीला लागले होते. तोवर चिकलठाण्याकडच्या शेतांचे प्लॉट पाडण्यात आमचे दिवस जात. शहर चारी बाजूंनी फुगत चाललं होतं आणि धरण खाली खाली जात होतं. पण प्लॉट घ्यायला येणारा माणूस रस्ता किती फुटी आहे ते विचारायचा, पाण्याचं विचारायचा नाही.

ही जागा मात्र शहराच्या ऐन मध्यात होती. स्टेशनमागं, जुन्या मालधक्क्याच्या पलीकडं. छोटी लाइन होती तेव्हा तिथं रूळ होते, कोळशाचे ढीग होते. मोठी लाइन झाली, जुने रूळ उचलून नेले आणि उरलेल्या जागेवर वेड्या बाभळी माजल्या. कागदावर तिचं नाव ‘अतिरिक्त जमीन’, म्हणजे रेल्वेला नको असलेली. आमच्या गल्लीला ती चांगलीच हवी होती. तिथं आमच्या गाद्या वाळायच्या, लग्नाच्या पंगती बसायच्या, आणि गल्लीतली निम्मी माणसं स्कूटर तिथंच पडून पडून शिकली होती. आता तिथं चार इमारती आणि मध्ये बाग होणार होती.

साहेबांनी मला जुन्या नकाशाची प्रत दिली. मालधक्क्यामागं कुठंतरी एक गोल काढलेला होता, पण मूळ कागदाला नेमकी तिथंच कसर लागलेली. गोल अर्धाच उरला होता, आणि शेजारी काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं.

मी जेवताना अण्णांना विचारलं. अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेत खलाशी म्हणून लागले, कोळशाच्या इंजिनावर फायरमन झाले आणि डिझेलवर ड्रायव्हर होऊन रिटायर झाले. त्यानंतर चालवायला काही उरलं नाही म्हणून ते घर चालवायच्या प्रयत्नात होते, आणि आई त्यांना ते करू देत नव्हती.

“गोल?” अण्णांचा घास हातातच राहिला. “अगं, विहीर हाय ती. इंजिनाला पाणी पाजायची. लई पाणी.”

“तिथं तर काहीच दिसत नाही.”

“दिसंल कशी? कोळशाची इंजिनं बंद झाली तव्हा झाकून टाकली. मी दावतो की उद्या.”

“नको,” आई आणि मी एकदमच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी ट्रायपॉड रोवत होते, तर बाभळींमधून काळी छत्री येताना दिसली. छत्रीखाली अण्णा, एका हातात घडीची खुर्ची, काखेत पाण्याची बाटली. साहेब भले होते. त्यांनी नमस्कार करून यंत्राची माहिती दिली. “याला टोटल स्टेशन म्हणतात, काका.”

अण्णांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. “टेसन? फलाट कुठंय याला?”

मग त्यांनी आम्हाला पत्ता सांगितला. “होम सिग्नलपासून पन्नास पावलं आत यायचं, डाव्या हाताला पाण्याच्या खांबाकडं वळायचं, की आलीच विहीर.” होम सिग्नल नव्हता. पाण्याचा खांबही नव्हता. अण्णा मात्र दोन्ही जागच्या जागी असल्यासारखे चालत गेले, एका ठिकाणी थांबले आणि टाच आपटून म्हणाले, “इथं!” मी चुन्यानं फुली मारली.

बिल्डरचा मॅनेजर पुण्याहून आलेला, पंचविशी-तिशीतला, कायम इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. विहीर हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा उतरला. जिथं फुली होती तिथंच त्याच्या दुसऱ्या इमारतीचे खांब येत होते. “मॅडम, विहीर असेल तर नकाशा पुन्हा करावा लागेल. नक्की आहे का?”

“नक्की,” अण्णा म्हणाले.

“बिलकुल नहीं,” मागून आवाज आला.

ते चाचा होते, आमच्या मागच्या गल्लीतले. रेल्वेत पॉइंट्समन होते, काटे बदलायचं काम. अण्णा काहीतरी दाखवताहेत ही बातमी त्यांच्यापर्यंत सकाळीच पोचली होती, आणि तेही स्वतःची खुर्ची घेऊनच आले होते. “ड्रायव्हरसाब, क्या बात करते! कुआँ नीम के नीचे था. इधर कैकू?”

“नीम कुठंय?”

“कट गया ना. लेकिन था तो नीम के नीचेच.”

असं म्हणून चाचा अण्णांच्या फुलीपासून वीसेक पावलं चालत गेले आणि त्यांनीही टाच आपटली. मी दुसरी फुली मारली. दोघांनी आपापल्या फुलीजवळ खुर्च्या मांडल्या आणि पुढचे पंधरा दिवस ते तिथंच बसले. आम्ही दोघांच्या मधून मोजणीची प्रिझम लावलेली काठी घेऊन ये-जा करायचो. दुपारी दोन्ही घरांतून डबे यायचे. डब्यातलं एकमेकांना देणं चालू असायचं, पण विहिरीवरून दोघं बोलत नव्हते. काही सांगायचं झालं तर माझ्यामार्फत. “चाचांना विचार, त्यांच्या फुलीखाली मुंग्या हायेत का,” अण्णा म्हणायचे. “बोलो उनको, लोणचं लई भारी हाय,” चाचा म्हणायचे.

शेवटी मॅनेजरनं वैतागून जेसीबी बोलावला. अण्णांच्या फुलीवर आधी खणलं. पुरुषभर खोल नुसती इंजिनाची राख निघाली. अण्णांनी मूठभर राख उचलून तिचा वास घेतला आणि कोळसा कुठला होता ते सांगितलं. चाचांच्या फुलीवर एक मोडकी सिग्नलची काच निघाली, हिरवी. चाचांनी ती धुऊन खिशात टाकली. विहीर कुठंच नव्हती. मॅनेजर इतका खूश झाला की त्यानं दोघांना सॅम्पल फ्लॅट बघायला नेलं.

सॅम्पल फ्लॅट त्यांनी आमची मोजणी संपायच्या आधीच बांधून टाकला होता, कारण पाडव्याला बुकिंग सुरू करायचं होतं. प्लायवूड, हलक्या विटा, चकचकीत फरशी. बाहेर कारंजं, आणि कारंज्यासाठी बाथरूममागं एक मोठी टाकी. टाकी रोज टँकरनं भरायची. गावातल्या बाया हंडे घेऊन टँकरमागं पळत होत्या आणि इथलं कारंजं नाचत होतं.

आत गेल्यावर अण्णांनी आधी फ्रिज उघडला, गार पाण्यासाठी. फ्रिज पोकळ होता. टीव्ही पुठ्ठ्याचा होता. उन्हात बसून दमलेले अण्णा सरळ पलंगावर आडवे झाले, तर त्यांचे पाय पोटरीपासून बाहेर.

“खोली मोठी दिसावी म्हणून पलंग जरा छोटा घेतलाय, काका,” मॅनेजर ओशाळून म्हणाला.

“मग माणसं बी छोटीच घेणार का?” अण्णांनी झोपूनच विचारलं.

तेवढ्यात बाथरूममधून चाचांची हाक आली. ते काठीनं फरशी ठोकत होते. पूर्वी फलाटावर गाडी थांबली की रेल्वेची माणसं चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकायची, तसं. अण्णा उठून गेले. त्यांनीही काठी घेऊन ठोकलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच दोघं थेट एकमेकांशी बोलले.

“पोला है.”

“व्हय. पोकळच हाय.”

मॅनेजर म्हणाला, सॅम्पल फ्लॅटमध्ये सगळंच पोकळ असतं. ते खरंही होतं. मी साहेबांच्या कानावर घातलं, साहेबांनी मॅनेजरला लेखी कळवलं, आणि मॅनेजरनं पाडवा होऊ द्या म्हणून हात जोडले.

पाडव्याला तिथं ही गर्दी. दाराला तोरण, बाहेर पन्हं. आम्ही नकाशे घेऊन टेबलाशी बसलो होतो. अण्णा नि चाचा धुतलेल्या कपड्यांत कारंज्याशी उभे. एक जोडपं आत फ्लॅट बघत होतं. बाई बाथरूममध्ये डोकावल्या आणि त्यांनी फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीला विचारलं, “हा कमोड असा तिरका का हो?”

मुलगी हुशार होती. “नवीन डिझाइन आहे, मॅडम. पाठीला आराम पडतो.”

बाईंच्या देखत कमोड आणखी तिरका झाला. मग फरशी कर्रर्र करून वीतभर खाली बसली. बाई किंचाळत बाहेर आल्या, मागून त्यांचा नवरा, त्यामागून ती मुलगी. अण्णांनी रेल्वेतला आवाज काढला, “सगळे मागं व्हा! कुणी आत जायचं नाय!” आणि चाचांनी दोन्ही हात आडवे धरून लोकांना रस्त्यापर्यंत रेटत नेलं. त्या क्षणी आम्ही कुणीच हसलो नाही.

दोन दिवसांनी फ्लॅट पाडून बाजूला केला आणि माती काढली. खाली विहिरीच्या तोंडावर रुळांखालचे लाकडी स्लीपर आडवे टाकून ती झाकलेली होती. कारंज्याच्या टाकीचं पाणी झिरपून झिरपून स्लीपर कुजले होते. पाणी आहे की नाही हे बघायला साहेबांनी एक दगड आत टाकला. आम्ही दहा-बारा माणसं कान देऊन उभी होतो. मग खालून आवाज आला. तो आवाज त्या उन्हाळ्यात ज्यानं ऐकला नाही त्याला मी सांगू शकत नाही. मॅनेजरसुद्धा “अरे वा” म्हणाला आणि मग त्याला आपला नकाशा आठवला.

मी टेप लावला. विहीर दोन्ही फुल्यांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर होती, जरा मागं. मी तसं सांगितल्यावर दोघांनी वाकून टेपवरचे आकडे पाहिले. मग अण्णा म्हणाले, “इतकी वर्षं झाली. सरकली असंल.”

“हौ,” चाचा म्हणाले. “जमीन का क्या भरोसा.”

त्या संध्याकाळी चाचा आमच्याकडं चहाला आले. आईनं विचारलं, “एवढा कसला हट्ट होता तुम्हा दोघांचा त्या विहिरीचा?”

अण्णांनी आधी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, “बहात्तरच्या दुष्काळात मी नवा खलाशी होतो. पाणी फक्त इंजिनाला, असा हुकूम होता. पलीकडच्या झोपड्यांतल्या बाया हंडे घेऊन रुळाकडंला बसून राहायच्या. मग मी पाण्याच्या खांबाची सोंड इंजिनावर जरा वाकडीच धरायचो. निम्मं पाणी खाली सांडायचं. नोकरी जायची भीती, पण रोज सांडायचो.”

“आणि मैं?” चाचा म्हणाले. “मैं दूर खडे रहके देखता था. साहब आया की खाँसता था. तीन महीने खाँसी चली, वहिनी. रेल्वे के डॉक्टर ने दवा भी दी.”

“मग, घेतली?”

“पूरी बोतल पी गया. क्या करता?”

आई हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. हे तिलाही चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. अण्णा मला कायम कडक, नियमाचे वाटायचे. लहानपणी फलाट तिकीट काढल्याशिवाय त्यांनी मला कधी स्टेशनात नेलं नव्हतं. त्यांच्याकडं बघत मी कपबशा उचलल्या.

पुढं सगळं रीतसर झालं. दुसरी इमारत सरकवून मी नवा नकाशा काढला, तो मंजूर झाला. विहीर उपसली, बांधली, तिला जाळी बसवली. पाऊस पडेपर्यंत तिच्याच पाण्यावर बांधकाम चाललं आणि रोज सकाळी तासभर आमच्या दोन्ही गल्ल्यांना पाइप मिळाला. हंड्यांची रांग लावायला अण्णा आणि चाचा स्वतःहूनच रुजू झाले. इमारती उभ्या राहिल्या तेव्हा बागेत विहिरीशेजारी संगमरवरी पाटी लागली, ‘शाही बारव’. अण्णांनी ती मोठ्यानं वाचली. “इथं कोण शाही उतरलं व्हतं? कोळशानं काळी झालेली आम्हीच माणसं.” पाटी अजून आहे. आता फ्लॅटवाल्यांची मुलं तिच्यापुढं फोटो काढतात.

दोन वर्षांनी त्या मॅनेजरचा फोन आला. तो परभणीकडं अशाच एका जागेवर होता. तिथल्याही नकाशात एक अर्धवट गोल होता. “मॅडम, काकांना आणि चाचांना दोन दिवस पाठवता का? जाण्यायेण्याचं मी बघतो.”

दोघं सकाळच्या गाडीनं गेले. अण्णांनी खुर्ची घेतली होती, चाचांनी काठी. पाच दिवसांनी परत आले, उन्हानं रापलेले, अत्यंत खुशीत.

“सापडली विहीर?” मी विचारलं.

“नाय,” अण्णा चपला काढत म्हणाले. “तिथं नव्हतीच. आमाला पहिल्याच दिवशी कळलं.”